‘उद्यापासून येऊ नको’ : कुपवाडच्या गेटपासून कामगार न्यायालयापर्यंत

कामावरून काढल्याचं पत्र कामगाराच्या हातात क्वचितच पडतं. कुपवाड असो, मिरज असो की कराडजवळचं तासवडे, बहुतेक वेळा गेटवरचा वॉचमन सांगतो, “तुमचं नाव यादीत नाही, साहेबांना फोन करा.” साहेब फोन उचलत नाहीत. उचललाच तर म्हणतात, “सध्या काम कमी आहे, चार दिवस थांब, बोलावतो.” कामगार घरी बसून बोलावण्याची वाट बघतो. मग महिन्या-दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र येतं : आपण अमुक तारखेपासून विनापरवाना गैरहजर आहात. त्या एका पत्राने सगळं उलटतं. काढून टाकलेला माणूस कागदावर काम सोडून गेलेला ठरतो.

आम्ही सांगली-साताऱ्याच्या या पट्ट्यातल्या कामगारांचे अर्ज लिहून देतो आणि त्यांच्यासोबत तारखांना बसतो. इतक्या प्रकरणांनंतर आमचं ठाम मत झालं आहे की ‘काढलं की सोडलं’ या प्रश्नाचं उत्तर पहिल्या आठवड्यातच कागदावर आणावं लागतं. ते राहून गेलं की पुढे कितीही चांगला वकील दिला तरी त्याला साक्षीदार शोधत बसावं लागतं, आणि कामावर असलेला साक्षीदार मालकाविरुद्ध बोलायला सहसा उभा राहत नाही.

म्हणून गेटवर अडवलं त्याच दिवशी काय करायचं, ते आधी सांगतो. वाद घालायचा नाही, आरडाओरडा करायचा नाही. त्याचाच पुढे ‘शिवीगाळ, धमकी’ असा आरोप होतो. पाळी सुरू होण्याच्या वेळेला गेटवर उभं राहायचं, शक्य असेल तर सोबत एक माणूस न्यायचा. तारीख, वेळ, पाळी, आणि कोणी काय सांगितलं ते वहीत टिपायचं. तिथूनच सुपरवायझरला आणि एचआरला मोबाइलवर लिहून कळवायचं : मी गेटवर आलो आहे, मला आत सोडत नाहीत, काय करू? उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तरी संदेशावर वेळ पडलेली असते. तो संदेश नंतर पुसायचा नाही आणि फोन विकायचा नाही. कोर्टात असा पुरावा देताना भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, नुसती छापील प्रत चालत नाही, आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी पत्र. मजकूर लांबवायचा नाही. आम्ही साधारण असा लिहितो :

“मी आपल्या कारखान्यात दि. … पासून … विभागात … म्हणून काम करतो. माझा शेवटचा मासिक पगार रु. … आहे. दि. … रोजी पहिल्या पाळीला गेटवर आलो असता मला कामावर घेण्यात आले नाही. लेखी आदेश, नोटीस किंवा नोटीस पगार दिलेला नाही. कोणतीही चौकशी केलेली नाही. मी काम सोडलेले नाही व आजही कामावर येण्यास तयार आहे. मला सेवासातत्यासह व मागील संपूर्ण वेतनासह पूर्ववत कामावर घ्यावे.”

यातली ‘मी काम सोडलेले नाही’ आणि ‘कामावर येण्यास तयार आहे’ ही वाक्यं गाळायची नाहीत. दयेची भाषा घालायची नाही. ‘चुकलं असल्यास माफी’ हे तर अजिबात नाही. घाबरलेला माणूस ते सवयीने लिहून जातो आणि कंपनीचा वकील पुढे तीच ओळ कबुली म्हणून वाचून दाखवतो.

पत्र हाती दिलं तर टाइम ऑफिस शिक्का मारून पोच देत नाही, म्हणून पोस्टाने पाठवायचं. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, तेव्हा स्पीड पोस्ट करताना पोचपावती मागून घ्यायची. पावती फिकट होते, तिची लगेच झेरॉक्स काढायची. ट्रॅकिंगचं पान छापून ठेवायचं. कंपनीने पत्र घेतलं नाही तर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून लिफाफा परत येतो. तो लिफाफा फोडायचा नाही. बरोबर पत्त्यावर पाठवलेलं पत्र पोचलं असं कायदा गृहीत धरतो, आणि शेऱ्यासकट बंद असलेला लिफाफा कोर्टात तसाच दाखल करता येतो. पुष्कळ जण घरी आल्याबरोबर तो उघडून बघतात आणि आत काय होतं यावर नवा वाद उभा राहतो.

पत्ता कोणाचा घालायचा, हा प्रश्न कंत्राटी कामगाराला पडतो. दोघांचा. ठेकेदाराचाही आणि ज्या कारखान्यात प्रत्यक्ष काम केलं त्या मूळ मालकाचाही. ठेकेदाराचं खरं नाव कामगाराला बऱ्याचदा माहीतच नसतं, ‘पाटील कॉन्ट्रॅक्टर’ एवढंच माहीत असतं. फंडाचं पासबुक यूएएन (फंडाचा खाते क्रमांक) टाकून उघडलं की कोणत्या आस्थापनेने कोणत्या महिन्यात पैसे भरले ते नावासकट दिसतं. ईएसआयच्या कार्डावरही मालकाचं नाव असतं. बँकेचं स्टेटमेंट तिसरा पुरावा. या तिन्हींवर तीन वेगळी नावं निघाली तर घाबरायचं नाही, तिन्ही नावं अर्जात घालायची. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आली आहे.

पुराव्यात सगळ्यात नाजूक बाब २४० दिवसांची. काढल्याच्या तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत २४० दिवस काम भरलं असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार दिल्याशिवाय कामगार कपात करता येत नाही. हे पैसे कमी करतानाच द्यावे लागतात, नंतर धाडलेला चेक चालत नाही. पण २४० दिवस भरले हे दाखवायचं ओझं कामगारावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हदिमनी खटल्यात ते स्पष्ट केलं, आणि नुसतं शपथपत्र पुरत नाही असंही सांगितलं. म्हणून नोकरीत असतानाच पगाराच्या पावत्या, हजेरी कार्डाचे फोटो, गेट पास जपायला हवेत. नसतील तर हजेरीपट आणि पगारपत्रक कंपनीने हजर करावं असा अर्ज कोर्टात द्यायचा. मोजताना एक चूक हमखास होते : लोक फक्त भरलेल्या हजेऱ्या मोजतात. पगारी साप्ताहिक सुट्या आणि पगारी सणाच्या सुट्याही धरायच्या असतात, हे १९८५ पासून ठरलेलं आहे. २०५ हजेऱ्यांचा माणूस सुट्या धरून २४० ओलांडून जाऊ शकतो.

दर सहा-सात महिन्यांनी ब्रेक देऊन पुन्हा घ्यायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवून कायमपणाचे हक्क नाकारणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, आणि तिची दाद वेगळ्या दाराने मागतात. त्याकडे येतो.

आता कामगार कार्यालय. सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी यांच्याकडे अर्ज द्यायचा. मराठीत चालतो. अर्जासोबत मालकाला पाठवलेल्या पत्राची प्रत, पोस्टाची पावती, ओळखपत्र, पगाराचा पुरावा. आधी मालकाकडे मागणी केलेली असावी लागते, म्हणून वरचं पत्र दुहेरी कामाचं असतं. दोन प्रती न्यायच्या, एक आवकला द्यायची आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्यायचा. या क्रमांकाशिवाय पुढच्या प्रत्येक फेरीला कारकून नाव शोधत बसतो.

कामगारांचा इथे होणारा सर्वांत मोठा गैरसमज असा, की साहेब कंपनीला ऑर्डर काढतील. कामावर घेण्याच्या वादात हे साहेब समेट अधिकारी म्हणून बसतात, आणि समेट अधिकारी आदेश देत नाही. तो दोन्ही बाजूंना बोलावतो, बोलणं घडवतो, जमलं तर करार लिहून घेतो, नाही जमलं तर तसा अहवाल देतो. समेटात वकील देता येत नाही. युनियनचा प्रतिनिधी बसू शकतो. कंपनीकडून एचआरचा माणूस येतो आणि “वरिष्ठांना विचारून सांगतो” म्हणून पुढची तारीख घेतो. प्रत्येक तारखेला कामगाराने हजर राहायचं, हजेरीवर सही करायची, कंपनीचं कोणी आलं नसेल तर तसं नोंदवायला सांगायचं. एकदा कामगार गैरहजर राहिला की प्रकरण निकाली काढायला तेवढं निमित्त पुरतं.

समेटातला खरा कसोटीचा क्षण वेगळाच असतो. कंपनी एखाद्या तारखेला लेखी देते : आम्ही याला काढलेलंच नाही, याने कामावर यावं. कामगाराला वाटतं, हा सापळा आहे, आधी मागचा पगार द्या मग येतो. इथे बरीच चांगली प्रकरणं बुडाली आहेत. जायचंच. तिथल्या तिथे लिहून द्यायचं : मागील पगाराचा व सेवासातत्याचा हक्क राखून मी उद्या पहिल्या पाळीला हजर होत आहे. दुसऱ्या दिवशी त्या कागदाची प्रत घेऊन गेटवर जायचं. आत घेतलं तर नोकरी मिळाली आणि मागच्या पगाराचा वाद उभा राहिला. नाही घेतलं तर कंपनीचं ‘आम्ही काढलंच नाही’ हे म्हणणं तिच्याच कागदाने खोटं पडलं. त्याच दिवशी पुन्हा पत्र, पुन्हा पोस्ट, प्रत कामगार कार्यालयाला. जो गेला नाही त्याला मागचा पगार मिळणं फार कठीण होतं, कारण कोर्ट विचारतं, बोलावलं तेव्हा का गेला नाहीस?

समझोता झाला तर शब्द तपासूनच सही करायची. रक्कम कशाकशाची आहे हे वेगवेगळं लिहिलेलं असावं : थकीत पगार, रजेचा पगार, बोनस, ग्रॅच्युइटी, भरपाई. ‘सर्व मिळून’ अशी एकच रक्कम दिसली तर त्यात ग्रॅच्युइटी गिळलेली असते. ग्रॅच्युइटीचा हिशोब तोंडी करता येतो. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० असेल तर भागिले २६ म्हणजे रोजचे ६००, गुणिले १५ म्हणजे वर्षाला ९,०००, आणि ८ वर्षं झाली असतील तर ७२,०००. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त काम असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. मूळ पगार मुद्दाम कमी दाखवून भत्ते फुगवलेले असतील तर नव्या कामगार संहितांमधल्या वेतनाच्या व्याख्येप्रमाणे एकूण पगाराच्या ५० टक्क्यांवरचे भत्ते वेतनात मिळवायचे.

ओव्हरटाइमचा हिशोब तर माणसं मांडतच नाहीत. त्याच पगारावर तासाचे ७५ रुपये होतात, आणि ओव्हरटाइमचा दर दुप्पट, म्हणजे १५०. आठवड्याला सहा दिवस बारा तासांची पाळी म्हणजे ७२ तास, ४८ वजा जाता २४ तास ओव्हरटाइम. २६ दिवसांच्या महिन्यात १०४ तास होतात, त्यांचे १५,६०० रुपये. बारा तास राबणाऱ्याचा दुसरा अख्खा पगार दर महिन्याला कंपनीकडे राहतो. हा आकडा मागणीपत्रात महिनावार लिहिला की समेटाच्या टेबलावरचं बोलणं बदलतं, हे आम्ही पाहिलेलं आहे.

पैसे चेकने असतील तर ‘चेक वटल्यानंतर तक्रार मागे घेईन’ असं लिहून घ्यायचं, ‘घेतली आहे’ असं नाही. चेक परतला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. कोऱ्या कागदावर, व्हाउचरवर किंवा तारीख न टाकलेल्या राजीनाम्यावर सही मागितली तर नाही म्हणायचं. जबरदस्तीने घेतलीच तर त्याच दिवशी कंपनीला, कामगार कार्यालयाला आणि पोलिस ठाण्याला लेखी कळवायचं. महिन्याने केलेली ‘जबरदस्ती झाली’ ही तक्रार कोणी मानत नाही. हिशोबाची रक्कम घ्यावीच लागली तर सहीशेजारी ‘हक्क राखून स्वीकारले’ लिहायचं.

समेट फिसकटला की दोन वाटा आहेत, आणि एकीवर पाऊल टाकलं की दुसरी बंद होते. महाराष्ट्राचा १९७१ चा कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंध कायदा, बोलीभाषेत ‘यूएलपी’, ही पहिली वाट. सूडाने, खोट्या आरोपावरून, चौकशी न करता किंवा किरकोळ चुकीवर जबर शिक्षा म्हणून काढलं असेल तर चौथ्या परिशिष्टाच्या पहिल्या बाबीखाली तक्रार कामगार न्यायालयात जाते. सांगलीत आणि साताऱ्यात ही न्यायालयं आहेत. त्याच परिशिष्टाच्या बाकीच्या बाबी, म्हणजे वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं (बाब ६), करार न पाळणं (बाब ९), औद्योगिक न्यायालयाकडे जातात. मुदत ९० दिवस. उशिराचं सबळ कारण दिलं तर कोर्ट माफ करू शकतं, पण ‘समेट चालू होता’ या भरवशावर बसायचं नाही. या वाटेचा मोठा फायदा अंतरिम आदेशाचा : सूडाची बदली थांबवता येते, निलंबन भत्ता सुरू करून घेता येतो. निलंबित कामगाराला पहिले ९० दिवस अर्धा आणि त्यानंतर चौकशी त्याच्यामुळे लांबली नसेल तर निदान पाऊण पगार मिळायला हवा.

कंत्राटी कामगाराने मात्र या वाटेने जाण्याआधी थांबावं. मूळ कंपनी ‘हा आमचा कामगारच नाही’ म्हणाली तर ते नातं यूएलपीच्या तक्रारीत सिद्ध करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सिप्ला आणि कल्याणी स्टील्स या खटल्यांत ठरवलं आहे. त्याला आधी दुसऱ्या वाटेने, औद्योगिक विवादाच्या मार्गाने, नातं ठरवून घ्यावं लागतं. हे न बघता तक्रार केली की वर्षं जातात आणि तक्रार तांत्रिक कारणावर पडते.

दुसरी वाट केंद्राच्या कायद्याची. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात समेटाच्या अर्जाला ४५ दिवस झाले की कामगार थेट कामगार न्यायालयात जाऊ शकत असे आणि मुदत तीन वर्षांची होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत ही मुदत दोन वर्षांवर आली आहे, आणि समेट अधिकाऱ्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत पुढचा अर्ज करायचा असतो. वेतन संहितेने कामगाराला दोन चांगल्या गोष्टी दिल्या : काढल्यावर किंवा राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत पगाराचा हिशोब, आणि पगाराच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत. पगाराचा दावा कामावर घेण्याच्या अर्जात कोंबायचा नाही, तो वेगळा द्यायचा, कारण पगाराचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला आदेश काढता येतो. कुठल्याही अर्जावर कामावरून काढल्याची नेमकी तारीख ठळक लिहायची. जुना कायदा लागतो की नवा, ते तिच्यावरून ठरतं. आम्ही मात्र प्रत्येक प्रकरणात सगळ्यात आखूड मुदत, ९० दिवसांची, धरूनच चालतो.

साखर कारखान्यांचं वेगळं आहे आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत त्याला महत्त्व आहे. तिथे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा चालत आला आहे. त्याखाली आधी कारखान्याला ‘अ‍ॅप्रोच’ पत्र, म्हणजे आदेश बदलण्याची लेखी मागणी, कलम ४२(४) खाली, आदेशापासून तीन महिन्यांत द्यावं लागतं. ते न देता थेट कोर्टात गेलेला अर्ज त्या एका कारणावर फेटाळला जातो. हंगामी कामगाराने हंगाम सुरू होताना न बोलावल्याची तारीख धरायची. मार्केट यार्डातल्या हळदीच्या हमालाचा रस्ता आणखी निराळा, तो १९६९ च्या माथाडी कायद्याखाली मंडळाकडे.

कोर्टात गेल्यावर दोन गोष्टी अर्जातच असाव्या लागतात. एक, पदाचं नाव काहीही असो, प्रत्यक्ष काम काय केलं. सुपरवायझर म्हणून नेमलेला माणूस दिवसभर लेथवर उभा असेल तर तो कामगारच, पण लेथ, जॉब, पाळी हे सगळं लिहिलं पाहिजे. दोन, काढल्यापासून दुसरीकडे कायमचं काम मिळालेलं नाही. २०१३ च्या दीपाली सुरवसे निकालाने बेकायदा काढलेल्याला मागचा पगार देणं हा नियम मानला, तरी ‘मी बेकार आहे’ हे कामगाराने आधी सांगावं लागतं. पोटासाठी मोलमजुरी केली असेल तर ती लपवायची नाही. उलटतपासणीत ती बाहेर येते आणि मग बाकीचं खरंही खोटं वाटायला लागतं. हंगामात ऊसतोडीला गेलो, इतके पैसे मिळाले, असं स्वतःहून लिहिलेलं बरं. कोर्ट तेवढं वजा करतं, बाकीचं देतं.

निकाल लागून पैसे येत नसतील तर एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज द्यायचा. वसुली दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि तिथून तहसीलदाराकडे, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली व्हायला. हा दाखला तहसील कचेरीत स्वतःच्या पायाने जात नाही. जावक क्रमांक घेऊन त्याच्यामागे जावं लागतं, आणि कंपनीची जमीन, यंत्रं, बँक खाती यांची माहिती आपणच लिहून दिली तर काम पुढे सरकतं. मालक उच्च न्यायालयात गेला तर पूर्वी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून सांगली-साताऱ्याची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे चालतात. तिथे गेल्यावर पहिल्याच तारखेला बेकार असल्याचं शपथपत्र देऊन, प्रकरण संपेपर्यंत शेवटच्या दराने पगार मागायचा. कामावर घेण्याचा निवाडा झालेल्या कामगाराला तो हक्क आहे, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.